मोबाइलवर स्वतःची धाव कशी तपासावी

धावताना पाऊल फार पुढे पडतं का, हे व्हिडिओत बघायचं आहे. शॉर्ट्स घाला, ट्रॅकपँटमध्ये गुडघा दिसत नाही. कॅमेऱ्याकडच्या पायाला दोन ठिकाणी रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावा: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडावर. सोलापुरात उन्हाळ्यात हे काम सकाळी सातच्या आत उरका, नाहीतर व्हिडिओत तुमची धाव नाही, तुमचा थकवा दिसेल. कंबर तलावापाशी फिरायला आलेल्यांच्या गर्दीत नको, कॉलनीतला सरळ, सपाट रस्ता पुरे.

मोबाइल स्टँडवर, कमरेच्या उंचीला, रस्त्याशी काटकोनात, पाच-सहा मीटर लांब ठेवा. सूर्य मोबाइलच्या पाठीमागे हवा. स्लो मोशन 120 किंवा 240 फ्रेम्सवर. साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 फ्रेम्स, म्हणजे दोन फ्रेम्समध्ये 33 मिलिसेकंद निघून जातात, आणि पाऊल जमिनीवर टेकलेलं असतं जेमतेम 200 ते 300. मित्राला बाइकवर बसवून सोबत शूटिंग करायला लावू नका. कोन सतत बदलतो आणि मोजायला काहीच उरत नाही. दहा मिनिटं वॉर्मअप करून रोजच्या वेगाने चार-पाच वेळा समोरून जा. चित्राच्या मधोमध पडलेली पावलंच धरा, कडेची सोडा.

आता खरी मेख: पाऊल जमिनीला पहिल्यांदा लागतं ती फ्रेम शोधणं. मलाही सगळ्यात जास्त याच पायरीने दमवलं, आणि वर्गात पोरं दरवर्षी इथेच अडकतात. व्हिडिओ थांबवला की नजर जाते ती पाय हवेत सर्वांत पुढे गेलेल्या फ्रेमवर. ती बघून लोक घाबरतात, ‘सर, माझं पाऊल फारच पुढे पडतंय!’ अहो, ते अजून पडलेलंच नाही. टेकण्याआधी पाय थोडा मागे येतो. म्हणून एकेक फ्रेम सरकवा आणि बुटाची सावली बघा. पाऊल हवेत असताना सावली आणि तळवा यांच्यात फट असते. ती फट ज्या फ्रेममध्ये पहिल्यांदा मिटते, ती तुमची फ्रेम. पुढच्या दोन-तीन फ्रेम्समध्ये बुटाचा सोल दबलेला दिसला, तर निवड बरोबर आहे.

त्या फ्रेमवर दोन्ही पट्ट्या जोडणारी रेघ मनात ओढा. रेघ जवळपास उभी आणि गुडघा किंचित वाकलेला असेल, तर काही बदलू नका. घोटा गुडघ्याच्या बराच पुढे आणि पाय ताठ असेल, तर प्रत्येक पावलाला ब्रेक लागतोय. सहा-सात पावलं तपासूनच मत बनवा.

टाच आधी टेकते का, यावर डोकं शिणवू नका. ‘चवड्यावर धावा’ हा सल्ला सरसकट देणाऱ्यांचा मला वैताग आहे. 2004 च्या सप्पोरो हाफ मॅरेथॉनमध्ये 15 किलोमीटरपाशी चित्रित केलेल्या अव्वल धावपटूंपैकी सुमारे 75 टक्के टाचेवरच उतरत होते. घाईने चवड्यावर गेलात तर पोटरी आणि टाचेमागची शीर बोलायला लागते.

पाऊल पुढे पडत असेल, तर वेग तोच ठेवून मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या वाढवा. उजवं पाऊल 30 सेकंद मोजा, चाराने गुणा. उत्तर 160 आलं तर 168 करा, एकदम 180 नको. 180 हा आकडा 1984 च्या ऑलिम्पिकमधल्या धावपटूंच्या निरीक्षणातून आला. सकाळी नोकरीआधी पाच किलोमीटर धावणाऱ्याला तो लागू होईलच असं नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातले ब्रायन हायडरशाइट आणि सहकारी यांच्या 2011 च्या अभ्यासात पावलांचा दर पाच ते दहा टक्के वाढवल्यावर गुडघ्यावरचा भार कमी झालेला दिसला. मोबाइलमधला मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं अ‍ॅप) 168 वर लावा आणि सुरुवातीला धावेतले फक्त एकेक मिनिटाचे टप्पे त्यावर घ्या.

महिन्याभराने तोच रस्ता, तेच बूट, तोच वेग ठेवून पुन्हा शूट करा. मधल्या काळात नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवता येईल असं दुखू लागलं, तर धावणं थांबवून अस्थितज्ज्ञाला दाखवा, व्हिडिओ राहू द्या.