सूर्यघड्याळाची तबकडी: अंक आणि वेळदुरुस्तीचा आलेख

आडव्या सूर्यघड्याळावरील अंकांचा आकार दुपारी बाराच्या रेषेपाशी ठरतो, कारण तासरेषा तिथे सर्वांत दाट असतात. २० अक्षांशासाठी रेषा आखल्या, तर बारा आणि एक यांच्यात जेमतेम ५ अंश उरतात. पाच आणि सहा यांच्यात मात्र ३८ अंश मोकळे पडतात. अंकांचे वर्तुळ २० सेंटिमीटर त्रिज्येचे असेल, तर त्या ५ अंशांत सुमारे १८ मिलिमीटर जागा मिळते. म्हणून ‘१२’ची रुंदी १२ मिलिमीटरांपर्यंतच ठेवावी आणि अंकांचा तोच आकार सहापर्यंत कायम राखावा; मोकळी जागा दिसते म्हणून सकाळ-संध्याकाळचे अंक मोठे केले, की तबकडीचा तोल जातो.

दगडात किंवा पितळेत कोरताना १, ४ आणि ९ यांच्या गाठींकडे विशेष लक्ष द्यावे. गाठ बारीक राहिली तर ती धुळीने भरते आणि काही वर्षांनी १ व ९ दुरून सारखेच दिसू लागतात. कोरण्याआधी अंक खऱ्या मापात कागदावर छापून तबकडीवर चिकटवावेत आणि भर उन्हात उभे राहून वाचून पाहावेत.

आता आलेख: सूर्यघड्याळाची वेळ हातातल्या घड्याळाशी जुळवायला कोणत्या दिवशी किती मिनिटांची दुरुस्ती करावी, हे तो वक्ररेषेने दाखवतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्यघड्याळ ११ फेब्रुवारीच्या सुमारास सरासरी सौर वेळेच्या (वर्षभर एकसारख्या गतीने चालणाऱ्या वेळेच्या) सुमारे १४ मिनिटे मागे, तर ३ नोव्हेंबरच्या सुमारास सुमारे १६ मिनिटे पुढे असते. यात रेखांशाची दुरुस्ती, म्हणजे प्रमाण रेखावृत्तापासून (ज्यावरून देशाची प्रमाणवेळ ठरते त्या रेखावृत्तापासून) दर अंशाला ४ मिनिटे, आधीच मिसळून टाकावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पाहणाऱ्याला दोन बेरजा करायला लावू नयेत. ठिकाण ५ अंश पश्चिमेला असेल तर संपूर्ण वक्र २० मिनिटांनी वर सरकतो, दुरुस्ती ४ ते ३४ मिनिटांच्या दरम्यान राहते आणि वजाबाकी कधीच करावी लागत नाही. अशा वेळी अक्षावर अधिक-उणेची चिन्हे न देता ‘एवढी मिनिटे मिळवा’ असे शब्दांतच कोरावे.

वक्रासाठी दर पाच दिवसांचा बिंदू घ्यावा. महिन्याला एकच बिंदू घेऊन सरळ रेषांनी जोडल्यास फेब्रुवारी आणि नोव्हेंबरमधील वळणे चुकतात. एका मिनिटाला ३ मिलिमीटर उंची दिली, तर १ मिलिमीटर जाडीची रेषा २० सेकंद झाकते, आणि लीप वर्षामुळे पडणारा फरक तेवढ्यात सामावतो.