कानातला आवाज सांभाळायला शिकवताना या चुका टाळा

"याला औषध नाही, सवय करून घ्या." कर्णनाद, म्हणजे बाहेर आवाज नसतानाही कानात शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येणं, असलेल्या माणसाला एवढंच सांगून घरी पाठवणं ही आपली, उपचार करणाऱ्यांची, सगळ्यात मोठी चूक. सवय होते, पण ती कशी करायची हे शेजारी बसून शिकवावं लागतं.

त्याआधी एक खात्री करा. आवाज एकाच कानात आहे, नाडीच्या ठेक्यावर येतो किंवा सोबत चक्कर आहे, यातलं एकही असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर त्याच दिवशी. तिथे उशीर महागात पडतो.

घरचे लोक मायेपोटी खोली शांत करतात. टीव्ही बंद, पंखा बंद, कानात कापसाचे बोळे. बाहेरचा आवाज तुटला की आतला जास्तच जाणवतो. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर ९४ टक्के जणांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. हे रुग्णाला जरूर सांगा. 'माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय' ही धास्ती त्याने सैल होते.

याच्या उलट चूकही तितकीच होते. एक आजी मोबाईलवर पावसाचा आवाज मोठ्ठा लावून झोपायच्या. "बंद केला की शिट्टी परत सुरू होते गं," म्हणाल्या. मी आवाज शून्यावर आणला आणि हळूहळू वाढवत नेला. "आजी, आता पाऊसही ऐकू येतो आणि शिट्टीपण?" त्यांनी मान हलवली. तिथेच थांबलो, किंचित खालीच. शिट्टी बुडवून टाकली तर मेंदूला तिची सवय व्हायची कशी? हे नुसतं सांगून कळत नाही. बटण त्यांच्याच हातात द्या आणि दोन-तीनदा करून घ्या.

"आज आवाज किती आहे?" हे रोज विचारू नका, घरच्यांनाही विचारू देऊ नका. विचारलं की लक्ष तिकडेच जातं. त्यापेक्षा झोप कधी लागली, भजनाला गेलात का, हे विचारा. प्रगती मोजायची तर टीएचआय (टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी) ही कर्णनादाचा त्रास मोजणारी २५ प्रश्नांची प्रश्नावली सुरुवातीला आणि मग काही आठवड्यांनी भरून घ्या.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा विषय पुढे ढकलू नका. बऱ्याच जणांचा आवाजाचा त्रास त्यानेच हलका होतो. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) यांच्या गोळ्यांवर पैसे घालवू देऊ नका. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत त्या देऊ नयेत असंच म्हटलं आहे. "जगणं नकोसं झालंय" असं कुणी बोललं तर ते कधीही हलक्यात घेऊ नका. मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर हातात द्या.

एकाच बैठकीत सगळं सांगायचा मोह आवरा. पहिल्या भेटीत एकच गोष्ट: रात्री आवाज वाढला तर काय करायचं. ते त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. त्या आजींनी लिहिलं होतं, "पंखा लावणे. पाऊस बारीक. दहा लांब श्वास. झोप नाही आली तर उठून वाती वळणे." तो कागद त्यांनी उशाशी, चष्म्याच्या डबीखाली ठेवला.