चाळकेवाडीला लिंक का तुटायची

सौरऊर्जेवरचं विमान लवकर खाली येत नाही, हीच जमिनीवरच्या माणसाची पंचाईत. २०२२ मध्ये झेफायर हे एअरबसचं बिनपायलटचं सौर विमान ६४ दिवस हवेत राहिलं. आमचं साताऱ्यात बनवलेलं मॉडेल जेमतेम तीन तास उडतं, पण तेवढा वेळ तरी कंट्रोल टिकायला हवा. म्हणून लॅपटॉप, टेलिमेट्री रेडिओ (विमानाशी माहितीची देवाणघेवाण करणारा) आणि १२ व्होल्टची बॅटरी एका पेटीत बसवली.

गच्चीवर सगळं झकास. चाळकेवाडीच्या पठारावर मात्र सहाशे मीटरवरच लिंक, म्हणजे विमानाशी रेडिओ संपर्क, तुटायची. दादा म्हणाला, "पवनचक्क्यांमुळे होतंय." मलाही पटलं. दोन रविवार आम्ही पात्यांपासून लांबची जागा शोधत फिरलो. फुकट!

तिसऱ्या वेळी सिग्नलसोबत नॉइजचा, म्हणजे सिग्नलला झाकणाऱ्या नको त्या रेडिओ गोंगाटाचा, आकडाही पाहिला. सिग्नल ठीक, नॉइज चढलेला. लॅपटॉपची चार्जिंग पिन उपसली आणि आकडा धाडकन खाली. चोर पेटीतच होता: लॅपटॉपसाठी व्होल्टेज वाढवणारा स्वस्तातला कन्व्हर्टर, रेडिओपासून चार बोटांवर. गच्चीवर लॅपटॉप स्वतःच्याच बॅटरीवर चालायचा, म्हणून कळलंच नाही.

कन्व्हर्टर पत्र्याच्या डबीत घातला (आईची हिंगाची, अजून वास येतो), वायरींवर फेराइटचे मणी (वायरीतून जाणारा गोंगाट अडवणारे) चढवले आणि रेडिओ अँटेनासकट तीन मीटरच्या पाइपावर नेला. अँटेनाची केबल लांबवली तर सिग्नल तिच्यातच मुरतो, म्हणून डेटाची लांबवली. नॉइज १२ डेसिबलने उतरला. अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने पडतो, म्हणजे हिशोबाने पल्ला चौपट.

आता भांडण उन्हाशी. स्क्रीन दिसत नाही, डोक्यावर टॉवेल घेऊन बसतो.