हार्ड डिस्क सारखी जाते-येते? आधी या चुका टाळा

आमच्या खालच्या मजल्यावर लग्नाचं शूटिंग करणारे एक गृहस्थ राहतात. ऐन लग्नसराईत एका रात्री साडेदहाला ते लॅपटॉप आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क छातीशी धरून वर आले. "अहो, जरा बघता का? पाच-दहा मिनिटं कॉपी होते आणि मग टुंग करून गायब. अख्खी सप्तपदी अडकलीय आत."

डिस्क टेबलावर ठेवली तेव्हा दिसलं, की केबलच्या पिनेखाली त्यांनी दोन घड्या घातलेलं व्हिजिटिंग कार्ड खुपसलंय. तेवढा टेकू दिला की चालते म्हणाले. याआधी काय काय करून झालं ते विचारलं. एका मित्राच्या सांगण्यावरून विंडोज नव्याने टाकून झालं होतं, दुसऱ्याच्या सांगण्यावरून चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवून झालं होतं. तिसरा म्हणाला होता, फॉरमॅट मार. ते मात्र त्यांनी ऐकलं नव्हतं, हे नशीब. दोन महिने कार्डाचा टेकू लावून काम चालू होतं आणि केबल बदलून बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

असं बहुतेकांच्या बाबतीत होतं. ज्यात डेटा जाऊ शकतो ते उपाय आधी होतात आणि दोन-अडीचशे रुपयांची केबल शेवटी येते. हा क्रम उलटा करायचा, इतकंच मला सांगायचंय. बाकीचा लेख म्हणजे तो उलटा कसा करायचा त्याचा तपशील.

'जाते' एवढं पुरत नाही, कधी जाते ते बघा

डिस्क 'मधेच जाते' हे वाक्य डॉक्टरला 'पोटात दुखतं' सांगण्यासारखं आहे. कुठलीही सेटिंग बदलण्याआधी दोन-तीन वेळा नुसतं बसून बघा, ती नेमकी कशावर जाते.

हात लागला, लॅपटॉप सरकवला, टेबल हललं की जाते? मग केबल, पिन किंवा पोर्टचा लूज कॉन्टॅक्ट. लावल्यावर सुरू होताना गुरगुरते, थांबते, पुन्हा गुरगुरते? वीज कमी पडतेय. मोठी फाइल कॉपी करतानाच जाते, एरवी तासन्‌तास ठीक? पुन्हा केबल किंवा वीज, क्वचित उष्णता. नुसती पडून राहिली, तुम्ही चहा घेऊन आलात आणि गायब? मग पॉवर सेव्हिंग. आणि दर वेळी त्याच फोल्डरपाशी, त्याच फाइलवर अडकून जात असेल, तर डिस्कचा तो भाग खराब झालेला असण्याची शक्यता मोठी. ही शेवटची अवस्था बाकीच्यांपेक्षा वेगळी. तिथे प्रयोग बंद करायचे आणि जे निघेल ते आधी काढून घ्यायचं.

तपासतानाही एक चूक हमखास होते. केबल बदलली, पोर्टही बदललं, ड्रायव्हरही टाकला, सगळं एका दमात. डिस्क चालली तरी कशाने चालली ते कळत नाही आणि आठ दिवसांनी पुन्हा गेली की सगळं पहिल्यापासून. एका वेळी एकच गोष्ट बदला.

केबलला निर्दोष समजणे

खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कला बहुतेक वेळा एक चपटी, रुंद, मधे खाच असलेली पिन येते. तिचं नाव मायक्रो-बी. नीट पाहिलंत तर ते दोन तोंडं शेजारी शेजारी आहेत: मोठा भाग जुन्या यूएसबी २.० चा, लहान भाग यूएसबी ३.० च्या वेगवान तारांचा. ही पिन फार कणखर नाही. डिस्क बॅगेत टाकताना केबल तशीच लावून ठेवली, किंवा लॅपटॉप मांडीवर आणि डिस्क खाली लोंबकळतेय असं वरचेवर झालं, की पिन आणि आतलं सॉकेट दोन्ही ढिले पडतात.

इथे एक युक्ती. घरात जुन्या अँड्रॉइड फोनची मायक्रो-यूएसबी केबल पडलेली असेल, तर ती या रुंद सॉकेटच्या मोठ्या भागात बरोबर बसते आणि डिस्क यूएसबी २.० च्या वेगाने चालते. केबल डेटावाली हवी, काही फक्त चार्जिंगच्या असतात. वेग सेकंदाला ३०-३५ एमबीच्या आसपास मिळेल, म्हणजे संथ. पण या संथ केबलवर डिस्क न हलता चालत असेल, तर आतली चकती बहुधा ठणठणीत आहे आणि दोष मूळ केबलमध्ये किंवा सॉकेटच्या त्या लहान भागात आहे, हे एका झटक्यात कळतं. शेजाऱ्यांची १८० जीबीची सप्तपदी आम्ही अशीच काढली. दीड तासाच्या वर लागला, दोन चहा झाले, पण टुंग एकदाही वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवी केबल आणली, तरी हात लागला की डिस्क जायचीच. म्हणजे सॉकेटचं सोल्डरिंग सुटलं होतं. व्हिजिटिंग कार्ड पिनेला नाही, त्या सुटलेल्या टाक्याला धरून होतं. मोबाइल दुरुस्तीवाल्याने ते पुन्हा टाकून दिलं. डेटा आधीच बाहेर काढलेला होता म्हणून ते काम निवांत झालं. दुरुस्ती नेहमी कॉपीनंतर.

केबल घेताना लांबीच्या मोहात पडू नका. अर्ध्या मीटरची आखूड केबल दोन मीटरच्या बारीक केबलपेक्षा भरवशाची. लांब आणि बारीक तारेत व्होल्टेज उतरतं, वेगवान सिग्नलही क्षीण होतो. टाइप-सीमध्ये तर वेगळीच गंमत आहे: फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बऱ्याच टाइप-सी केबल डेटासाठी फक्त यूएसबी २.० च्या असतात. ती पोर्टेबल एसएसडीला लावायची आणि 'एसएसडी स्लो आहे' म्हणायचं, हेही रोजचंच.

जाता जाता: डिस्क लावली की शेजारच्या वायरलेस माउसचा बाण अडखळायला लागतो का? यूएसबी ३.० चा सिग्नल २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट करतो. इंटेलने यावर २०१२ मध्ये सविस्तर टिपणच काढलं होतं. माउस अडखळला म्हणजे डिस्क बिघडली असं नाही, पण केबलचं शिल्डिंग (असा गोंगाट अडवणारं आवरण) यथातथाच असावं, एवढा संशय घ्यायला हरकत नाही.

विजेचा हिशेब न करणे

यूएसबी २.० पोर्टने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर द्यावेत, ३.० पोर्टने ९००, असं मानक सांगतं. म्हणजे अडीच वॅट आणि साडेचार वॅट. आता डिस्कच्या पाठीवरचं लेबल वाचा. चकती फिरायला सुरुवात करते त्या क्षणी अडीच इंची डिस्कला एक अँपिअरच्या आसपास विजेचा घोट लागू शकतो. चांगलं पोर्ट तो देतं. जुन्या लॅपटॉपचं किंवा टीव्हीच्या पाठीमागचं पोर्ट देतंच असं नाही. टीव्हीवर सिनेमा मधेच थांबतो आणि तीच डिस्क लॅपटॉपवर छान चालते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

हबचं गणितही असंच. चार तोंडांचा स्वस्त हब लॅपटॉपच्या एकाच पोर्टमधून वीज घेतो आणि ती कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह आणि डिस्क यांच्यात वाटतो. डिस्क सरळ लॅपटॉपला लावा. पोर्ट कमीच असतील तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब घ्या. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टचा मोह टाळा. ती पोर्ट आतून एका वायरीने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि ती वायर बऱ्याचदा सुमार असते. मागची पोर्ट थेट बोर्डावर असतात.

मोठ्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि तिथली चूक आपल्याकडे घरोघरी दिसते. कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, डिस्कचा अ‍ॅडॉप्टर मात्र भिंतीवरच्या साध्या बोर्डाला. लाइट क्षणभर मिचकावली, किंवा इन्व्हर्टरवर जाताना काही मिलिसेकंदांचा खंड पडला, की कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही, पण डिस्क बंद पडून पुन्हा सुरू होते. तुम्हाला वाटतं विंडोजचा घोळ आहे. पावसाळ्यात डिस्क जास्त जाते अशी तक्रार असेल, तर आधी तो अ‍ॅडॉप्टर कुठे लावलाय ते बघा आणि यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटमध्ये हलवा.

विंडोजला डिस्क झोपवू देणे

रिकामी पडून राहिलेली डिस्क जात असेल तर इकडे या. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात यूएसबी सेटिंग्ज आणि 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी परवानगी दिलेली असते, तिच्यापुढची टिक काढा. काही नव्या लॅपटॉपवर यातले पर्याय दिसतच नाहीत. तिथे लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून बायॉस आणि चिपसेटचे ड्रायव्हर अद्ययावत करणं एवढंच हातात राहतं. मॅकवर सेटिंग्जमध्ये 'हार्ड डिस्क शक्य तेव्हा झोपवा' अशा अर्थाचा पर्याय आहे, तो बंद करा.

लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी. डिस्कच्या काही केसमधल्या (बाहेरच्या कवचातल्या) ब्रिज चिपचं, म्हणजे डिस्क आणि यूएसबी यांना जोडणाऱ्या चिपचं, यूएएसपी या वेगवान यूएसबी पद्धतीशी जमत नाही आणि जोरात कॉपी सुरू झाली की डिस्क रिसेट होत राहते. कर्नलच्या लॉगमध्ये ते स्पष्ट दिसतं. त्या एका डिस्कपुरतं यूएएसपी बंद केलं की वेग थोडा जातो, डिस्क टिकते.

घाबरून 'दुरुस्ती' करणे

सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका या. डिस्क अर्धवट लागते आणि विंडोज विचारतं, वापरण्याआधी फॉरमॅट करायचंय का? तो प्रश्न म्हणजे विंडोजला फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे आहे याची डिस्कवरची मांडणी) वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. डेटा बहुतेक वेळा जागेवर असतो. कॅन्सल दाबा, केबल बदला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा.

चेकडिस्कचंही तसंच. ते फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवण्यासाठी आहे, तुमचे फोटो वाचवण्यासाठी नाही. कनेक्शनच तुटक असताना ते चालवलं तर अर्ध्यावर डिस्क जाते आणि होता तो हिशेबही विस्कटतो. बॅड सेक्टर (डिस्कवरच्या खराब जागा) शोधायला लावलं, तर मरणपंथाला लागलेल्या डिस्कची शेवटची ताकद डेटा काढण्याऐवजी त्या शोधात जाते. आधी कॉपी, मग चेकडिस्क.

डिस्क खटखट, टिकटिक असा एकसारखा आवाज करत असेल तर ती पुन्हा पुन्हा लावून बघू नका. आतलं हेड (चकतीवरचं वाचणारा-लिहिणारा भाग) अडखळतंय, दर वेळी नुकसान वाढू शकतं. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना नुस्खा अजूनही कुणी ना कुणी सांगतंच. बाहेर काढल्यावर चकतीवर दव धरतं, आणि आपल्या दमट हवेत तर विचारूच नका. आणि 'केस फोडून आतली डिस्क डेस्कटॉपला लावतो' म्हणणाऱ्यांनी आधी मॉडेलची माहिती काढावी. बऱ्याच अडीच इंची पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी सॉकेट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावरच असतं, आत साटा जोडणी (डेस्कटॉपमध्ये डिस्क लावायची नेहमीची जोडणी) नसतेच. काहींमध्ये ब्रिज चिपच डेटा एन्क्रिप्ट करते, त्यामुळे बाहेर काढलेली डिस्क दुसरीकडे वाचता येत नाही.

अंदाजापेक्षा नोंदी बऱ्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'विंडोज लॉग्ज', त्यातलं 'सिस्टिम' उघडा आणि डिस्क गेली त्या वेळेच्या ओळी बघा. स्रोत 'डिस्क' आणि आकडा १५७ म्हणजे डिस्क अचानक काढली गेल्याची नोंद. तुम्ही हात लावला नव्हता, तर संशय केबल आणि विजेवर. ७ म्हणजे खराब ब्लॉक, तिथे संशय चकतीवर. १५३ म्हणजे वाचायला-लिहायला दुसऱ्यांदा प्रयत्न करावा लागला, हे दोन्हीमुळे होऊ शकतं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर लावा. ०५, सी५ आणि सी६ या (खराब किंवा संशयास्पद जागा मोजणाऱ्या) ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्यापेक्षा मोठा आकडा असेल आणि तो आठवड्याभरात वाढत असेल, तर डिस्क बदलायची वेळ आली. सी७ ही ओळ लोक यूएसबी केबलची समजतात, पण ती डिस्क आणि केसमधल्या ब्रिज बोर्डाच्या मधल्या जोडणीच्या चुका मोजते. बाहेरची केबल किती वाईट आहे ते तिच्यात दिसत नाही. सगळे आकडे शून्य आणि तरी डिस्क जातेय, तर पुन्हा केबल, पोर्ट आणि विजेकडे वळा.

वारंवार जाणाऱ्या डिस्कवर एक्सफॅट ही फाइल सिस्टिम असेल तर जास्त जपा. त्यात विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएससारखं जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) नसतं, त्यामुळे लिहिताना कनेक्शन तुटलं तर फोल्डरच्या फोल्डर विस्कटू शकतात. विंडोज १० च्या २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी 'क्विक रिमूव्हल' हे मूळ धोरण आहे, म्हणजे विंडोज लिहायचा डेटा स्वतःकडे साठवून ठेवत नाही. त्यावरून 'आता इजेक्ट करायची गरज नाही' असं पसरलं. पण कॉपीची पट्टी संपल्यावरही डिस्कवरचा दिवा लुकलुकत असेल तर थांबाच.

आणि दुकानात किंवा डेटा रिकव्हरीवाल्याकडे डिस्क द्यायची वेळ आलीच, तर सोबत चिठ्ठी द्या: ती पडली होती का, कुठला आवाज येतो, काय करताना जाते, आणि तुम्ही स्वतः काय काय करून बघितलंत. चेकडिस्क चालवलं असेल तर तेही लिहा. बहुतेक जण नेमकं तेवढंच सांगत नाहीत.