कस्टम्सने कॅश जप्त केली? अमेरिकेत पिटिशन करताना या चुका टाळा

अमेरिकेत येताना किंवा इथून भारतात जाताना १०,००० डॉलरच्या वर कॅश नेताच येत नाही असं आपल्यातले कितीतरी लोक अजून धरून चालतात. नेता येते, कितीही नेता येते, फक्त १०,००० च्या वर गेलात की फिनसेन फॉर्म १०५ भरून कस्टम्सला सांगावं लागतं, येतानाही आणि जातानाही. जातानाचं तर बहुतेकांच्या गावीही नसतं. मग वडिलांच्या ऑपरेशनसाठी नाहीतर गावच्या घराच्या कामासाठी १४,००० डॉलर घेऊन निघालेला माणूस, विमानात चढताना अधिकाऱ्याने विचारलं की गडबडतो, "आठ-नऊ हजार असतील" म्हणतो, नोटा मोजल्या जातात आणि सगळे पैसे जप्त होतात. वरचे चार हजार नाही, सगळे चौदा. पैसा पगाराचा आहे, त्यावर टॅक्स भरलाय, हे त्या वेळी कोणी ऐकून घेत नाही, ते ऐकलं जातं नंतर पिटिशनमध्ये, म्हणजे पैसे परत मागायला कस्टम्सकडे केलेल्या अर्जात, आणि नेमका तिथेच लोक घोळ घालतात म्हणून हे लिहायला घेतलं.

मी वकील नाही. ओळखीतल्या काही जणांना अर्ज टाइप करायला, कागदांचं भाषांतर करायला मदत केलीय, तेवढ्यावरून सांगतेय. रक्कम मोठी असेल किंवा गुन्ह्याची चौकशी चालू असल्याची नुसती शंका जरी आली तरी आधी वकील गाठा, पिटिशन नंतर.

तारखेचा घोळ

जप्तीच्या वेळी ६०५१एस नावाची कस्टडी रिसीट मिळते, ती जिवापाड जपा. त्यानंतर कस्टम्सच्या फाइन्स, पेनल्टीज अँड फॉर्फीचर्स ऑफिसची, म्हणजे दंड आणि जप्तीची प्रकरणं बघणाऱ्या ऑफिसची, नोटीस पोस्टाने येते, कॅशच्या केसमध्ये साधारणपणे जप्तीपासून ६० दिवसांच्या आत ती पाठवायची असते. पिटिशनला मुदत ३० दिवस, आणि ते ३० दिवस नोटीस तुमच्या हातात पडल्यापासून मोजत नाहीत, त्यांनी पोस्टात टाकली त्या तारखेपासून मोजतात. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात, एअरपोर्टवर मुलाचा पत्ता देतात, मुलगा मधेच अपार्टमेंट बदलतो, सही घेऊन द्यायचं पत्र असल्यामुळे पोस्टमन नुसती चिठ्ठी लावून जातो, आणि पत्र पोस्टात पडून राहतं. पत्ता बदलला की त्या ऑफिसला लेखी कळवा. कागद जमायला वेळ लागणार असेल तर मुदत संपायच्या आत लेखी मुदतवाढ मागा, ती देणं त्यांच्या अधिकारात आहे, पण संपल्यावर मागितली तर काही खरं नाही.

आणि दुसऱ्या कोणाच्या केसमधली तारीख स्वतःला लावू नका. जप्ती नसून नुसता दंड असेल तर पिटिशनला ६० दिवस मिळतात, त्यामुळे "अरे मला तर दोन महिने होते" असं मित्र सांगतो आणि त्याचं त्याच्या जागी बरोबरही असतं. तुमच्या नोटिशीवर छापलंय तेच खरं.

नोटिशीबरोबर इलेक्शन ऑफ प्रोसीडिंग्ज नावाचा फॉर्म असतो. त्यात पिटिशन, तडजोडीची रक्कम देऊ करणं, क्लेम करून कोर्टात जाणं, पैशांवरचा हक्क सोडणं असे पर्याय असतात. एकावरच खूण करायची. काही जण घाबरून दोन-तीन पर्यायांवर खुणा करून ठेवतात, काही जण फॉर्म कोराच पाठवतात. क्लेम म्हणजे केस फेडरल सरकारी वकिलाकडे जाते आणि त्याने ९० दिवसांत कोर्टात दावा तरी लावायचा नाहीतर पैसे तरी सोडायचे. पिटिशन म्हणजे कस्टम्सकडेच सवलत मागायची. दोन्हींची वाट वेगळी आहे, कुठली धरायची ते सही करण्याआधी ठरवा. कॅशऐवजी माल जप्त झाला असेल, म्हणजे विकायला आणलेल्या वस्तू वगैरे, तर कोर्टात जायला बहुतेक वेळा कॉस्ट बाँड, म्हणजे खर्चाच्या हमीची रक्कम, भरावा लागतो, ५,००० डॉलर किंवा मालाच्या किमतीच्या १० टक्के यातलं जे कमी असेल ते, पण २५० च्या खाली नाही.

अर्जात काय लिहिता

पिटिशनचा ठरलेला फॉर्म नाही, साधं पत्र चालतं. काय जप्त झालं, कधी, कुठे, पैसे तुमचे आहेत याचा पुरावा आणि सवलत का द्यावी, एवढं त्यात हवंच. बहुतेक लोक मात्र पहिली दोन पानं अधिकारी कसा बोलला, विमान कसं चुकलं, आईचं बीपी कसं वाढलं यावर घालवतात. त्रास खरा असतो, मला तो दिसतो, पण निर्णय घेणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: पैसा कुठून आला, कुठे चालला होता, आणि फॉर्म का भरला नाही. चूक झाली असेल तर पहिल्याच परिच्छेदात सरळ कबूल करा. "मला कोणी विचारलंच नाही" असं लिहिलं आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये दोनदा विचारल्याची नोंद निघाली तर पुढचं खरं असलं तरी कोण विश्वास ठेवणार? शिवाय पिटिशनमध्ये जाणूनबुजून खोटं लिहिणं हा वेगळा फेडरल गुन्हा आहे.

आता आपल्या घरांमधली खास गोष्ट. आपल्याकडे प्रवासात पैसे लपवूनच न्यायचे असतात. साडीच्या घडीत, परकराला शिवलेल्या चोरकप्प्यात, चिवड्याच्या डब्याखाली. आईला ते चोरांपासून लपवायचे असतात, पण अधिकाऱ्याला वाटतं की कस्टम्सपासून लपवलेत, आणि न सांगण्याच्या हेतूने लपवून नेणं हा बल्क कॅश स्मगलिंगचा गुन्हा होतो, ज्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून पैसे असे ठेवलेले सापडले असतील तर पिटिशनमध्ये त्याबद्दल गप्प बसू नका, कुठे ठेवले होते, का ठेवले होते, हे स्पष्ट लिहा.

तसंच वाटून घेण्याचं. नवऱ्याकडे सात, बायकोकडे सात, म्हणजे प्रत्येकी १०,००० च्या आत, सुटलो! नाही सुटलो. एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरतात, रुपये आणि ट्रॅव्हलर्स चेकसुद्धा धरून, आणि मुद्दाम वाटून घेतले तर तो आणखी एक गुन्हा. बजाकाजियन नावाची प्रसिद्ध केस आहे, १९९४ मध्ये लॉस एंजेलिस एअरपोर्टवर या माणसाने माझ्याकडे ८,००० आणि बायकोकडे ७,००० आहेत असं सांगितलं, निघाले ३,५७,१४४ डॉलर. पैसा कायदेशीर होता, कर्ज फेडायला चालला होता. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळी रक्कम सरकारजमा करणं चुकीच्या मानाने फारच जास्त होईल असा निकाल दिला, पाच विरुद्ध चार मतांनी. लोक हा निकाल पिटिशनमध्ये चिकटवतात आणि निवांत होतात, पण तिथे पोचायला किती वर्षं आणि किती कोर्टं लागली ते बघा. आणि लपवून नेण्याचा वेगळा गुन्हा त्यानंतर, २००१ मध्ये आलाय.

कागद

"आयुष्यभराची बचत आहे" हे वाक्य पुरावा होत नाही. बँकेतून पैसे काढल्याची नोंद, पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न, मनी चेंजरची पावती, सोनं विकलं असेल तर सराफाचं बिल, जमीन विकली असेल तर खरेदीखत. लग्नाचा आहेर असेल तर आहेराची वही काढा, कोणी किती दिले ते नावानिशी असतं, त्याच्या फोटोकॉपीला खरंच वजन येतं. भिशीचे पैसे असतील तर बाकीच्या सभासदांची सही केलेली पत्रं घ्या. आकड्यांची बेरीज जप्त रकमेशी जुळली पाहिजे, दोन हजारांचा फरक असेल तर तो कुठला तेही लिहा. मराठीतली कागदपत्रं तशीच पाठवू नका, ते इंग्रजी भाषांतर मागू शकतात आणि त्यात महिना जातो. पैसा कुठे चालला होता त्याचेही कागद लावा, हॉस्पिटलचं एस्टिमेट, बिल्डरचं डिमांड लेटर, जे असेल ते.

शेजाऱ्याने त्याच्या मुलाला द्यायला दिलेले ४,००० तुमच्या पैशात मिसळले असतील तर ते तुमचे म्हणून मागू नका. ज्याचे पैसे आहेत त्याने आपला हक्क स्वतः दाखवायला हवा. आईबाबांना इंग्रजी येत नसेल तर त्यांच्या वतीने मुलगा किंवा मुलगी पिटिशन करू शकते, पण अधिकारी त्याचा पुरावा मागू शकतो, म्हणून त्यांच्या सहीचं अधिकारपत्र सुरुवातीलाच जोडा.

पाठवताना पोचपावती मिळेल असंच पाठवा आणि सगळ्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. मग थांबावं लागतं, कित्येक महिनेसुद्धा. सगळे पैसे परत मिळाले तर उत्तमच, पण काही रक्कम कापून बाकीची परत द्यायची असाही निर्णय येऊ शकतो, आणि तो पटला नाही तर ६० दिवसांत सप्लिमेंटल पिटिशन करता येते. तिथे जुनंच पत्र जास्त रागाने लिहून पाठवू नका. निर्णयाच्या पत्रात कुठली गोष्ट सिद्ध झाली नाही म्हटलंय ते ओळ न् ओळ वाचा आणि नेमका त्याच गोष्टीचा नवीन कागद शोधून लावा, मग तो गावच्या बँकेतल्या जुन्या पासबुकाचं एक पान का असेना.