अमिनो ॲसिडचा डबा घ्यायच्या आधी

"मॅडम, हे सुरू करू का?" असं म्हणत कुणी टेबलावर डबा ठेवला की मी आधी वजन विचारते. डब्याचं नाही, त्यांचं.

आहारतज्ज्ञाचा हिशोब तिथूनच सुरू होतो. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. नियमित वजनं उचलणाऱ्याला १.४ ते २ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ८४ ते १२० ग्रॅम. दोन-तीन दिवस जे खाल ते प्रामाणिकपणे लिहा आणि बेरीज करा. आकडा गाठत असाल, तर अमिनो ॲसिडं मिळतच आहेत. प्रथिनं पचली की त्यांची तीच होतात. कमी पडत असाल, तर आधी जेवण सुधारा.

तरीही डबा हवाच असेल, तर समोरचे पिळदार दंड सोडून मागची बाजू वाचा.

बीसीएए लिहिलंय? म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. आपल्या प्रथिनांत २० अमिनो ॲसिडं असतात, त्यातली ९ अन्नातूनच यावी लागतात, आणि ही त्यातली फक्त तीन. ल्युसिनमुळे स्नायूंत नवीन प्रथिनं बांधायचं काम सुरू होतं हे खरं. पण बांधायला उरलेली सहाही लागतात. मुकादम हजर आणि विटांचा पत्ता नाही, अशी गत होते. मग शरीर त्या विटा स्वतःच्याच प्रथिनांतून काढतं. व्हेच्या, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीच्या, २५ ग्रॅम प्रथिनांत ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास असतंच, शिवाय बाकीची आठही. त्यामुळे व्हे घेणाऱ्याने वर बीसीएए घेणं मला तरी उधळपट्टी वाटते. घ्यायचंच तर ईएए, म्हणजे अन्नातूनच यावी लागणारी नऊही असलेलं, घ्या.

प्रोटीन पावडरीत मात्र एक लबाडी चालते. प्रथिनांचं प्रमाण बहुतेकदा नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ ने गुणून काढतात. स्वस्त ग्लायसिन किंवा टॉरिन मिसळलं की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिनंही वाढतात. घटकांच्या यादीत ही नावं वेगळी दिसली, तर ल्युसिनचा आकडा शोधा; व्हे असेल तर तो वर सांगितला तेवढा हवा. नुसतं 'खास मिश्रण' लिहून प्रत्येक घटकाचं प्रमाण दडवलं असेल, तर डबा जागेवर ठेवून या.

आता सुटी विकली जाणारी अमिनो ॲसिडं. ग्लुटामिन आतड्यातल्या पेशीच मोठ्या प्रमाणात वापरून टाकतात. नीट जेवणाऱ्या निरोगी माणसाचे स्नायू त्याने वाढत नाहीत. रक्तप्रवाहासाठी आर्जिनिन घेण्यापेक्षा सिट्रुलिन बरं, कारण पोटातून घेतलेलं आर्जिनिन आतडं आणि यकृतातच बरंचसं मोडतं. बीटा-ॲलनिनने चेहऱ्याला, हातांना मुंग्या येतात. घाबरू नका, एका वेळचा डोस कमी करा.

आता जिथे मी थेट नाही म्हणते ते. नैराश्याची गोळी सुरू असेल तर ट्रिप्टोफॅन स्वतःहून घेऊ नका. त्यापासून सेरोटोनिन बनतं आणि ते धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. पीकेयू, म्हणजे फेनिलॲलनिन शरीराला नीट मोडता न येण्याचा जन्मजात आजार, असलेल्यांना फेनिलॲलनिन वर्ज्य. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल, गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. आणि पार्किन्सनसाठी लेव्होडोपा चालू असेल तर घेण्याच्या वेळाही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, कारण काही अमिनो ॲसिडं शोषणाच्या वेळी त्या औषधाची वाट अडवतात.