बॉनेटचा पत्रा सुटलाय? घरीच चिकटवा

आमची गाडी अठरा वर्षांची झाली आणि हायवेला ७०-८०च्या पुढे तिचं बॉनेट फडफडायला लागलं. लॉक दोनदा तपासलं, ठीक होतं. सुटलं होतं ते आतून.

बॉनेट म्हणजे नुसता एक पत्रा नसतो. वर पातळ पत्रा, खाली त्याला आधार देणारा सांगाडा. कडेने वरचा पत्रा सांगाड्यावर दुमडलेला असतो आणि मधे दोघांच्या बेचक्यात रबरासारख्या मऊ मसाल्याचे ठिपके असतात. इंजिनाची धग खाऊन खाऊन हे ठिपके वाळतात आणि पत्रा सोडतात.

बॉनेटवर टिचक्या मारत जा. मसाल्याने धरलंय तिथे बद्द आवाज येतो, सुटलंय तिथे रिकाम्या डब्यासारखा. त्या जागांवर चिकटपट्टीने खुणा करा. मात्र कडेची दुमड गंजून उघडली असेल किंवा लॉकच्या हुकापाशी, बिजागरीपाशी सांगाडा हलत असेल, तर गोंदाच्या नादी लागू नका. थेट डेंटरकडे जा. चालत्या गाडीचं बॉनेट उघडून काचेवर येणं परवडणारं नाही.

गोंद घ्यायचा तो गाडीच्या बॉडीचं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. एक कार्ट्रिज, म्हणजे सीलंटची भरलेली नळी, पुरून उरतं. ती दाबून माल बाहेर काढायची गन मात्र हवीच. मी पहिल्यांदा शहाणपणा करून दोन ट्यूबचं इपॉक्सी भरलं. ते दगडासारखं घट्ट झालं आणि उन्हात तिरपं बघितलं की प्रत्येक ठिपका वरून दिसायचा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्याने पत्रा गंजतो. फुगणारा फोम तर नकोच नको, तो पत्र्याला पोक काढतो.

इंजिन पूर्ण गार असू द्या. बिजागरीच्या बोल्टभोवती मार्करने रेघ मारा, म्हणजे परत बसवताना फटी जुळतात. दोघांनी धरून बॉनेट उतरवा आणि जाड गोधडीवर पालथं ठेवा. जागा सावलीची हवी. तापलेला पत्रा ताणलेला असतो, तशात चिकटवला तर तसाच धरला जातो.

आता खरी मेहनत. सांगाड्याच्या भोकांतून हॅक्सॉ ब्लेडने जुना मसाला खरवडून काढा. गंज पॉलिश पेपरने घासा, उघड्या पत्र्यावर प्रायमर मारा, वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. पेट्रोल वापरू नका, त्याचा तेलकटपणा मागे राहतो, शिवाय आगीची भीती.

हातमोजे घालून, मोकळ्या हवेत सीलंट भरा. नोझल पोचत नसेल तर पुढे पातळ नळीचा तुकडा लावा. जुन्या ठिपक्यांच्याच जागी, रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका. सीलंट दोन्ही पत्र्यांना जेमतेम टेकलं की थांबा. वर दाबू नका, वजन ठेवू नका. सगळी फट भरायचा मोह होतो, पण जास्तीचा माल पत्रा बाहेर ढकलतो. पुढच्या कडेची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा.

पीयू हवेतल्या ओलाव्याने पिकतं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. जाड ठिपक्याला म्हणून दोन-तीन दिवस द्या. पावसाळ्यात लवकर होतं, फक्त भरताना पत्रा कोरडा हवा.

बॉनेट बसवलं की खुणांच्या जागी पुन्हा टिचकी मारा. बद्द वाजलं पाहिजे.